तुझ्या यादीत नसलेलं काम

देवपूर, धुळे
१५ फेब्रुवारी

प्रिय भटू,

तुझं पत्र परवा मिळालं. संकल्प तू अगदी क्रमवार लिहिलेस: पहाटे पाचला उठायचं, दहा किलो वजन उतरवायचं, इंग्रजी सुधारायचं, वर्षात बारा पुस्तकं वाचायची, गाडीचे हप्ते लवकर फेडायचे. आणि शेवटी लिहिलंस, ‘यातलं एकही करायला मन घेत नाही, माझ्यातली जिद्दच संपली बहुतेक.’ ते वाचून मला राहवलं नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत ज्याने इतकी वर्षं खुर्ची सोडली नाही, त्याची जिद्द अशी संपत नसते रे. दोष यादीचा आहे.

ती यादी एकदा माझ्या नजरेने वाच. वजनाचं डॉक्टर म्हणाले, इंग्रजीचं तुझे साहेब म्हणाले, हप्त्यांचा घोर नानांना लागला आहे. पहाटेचा नेम तर रूमवरच्या सगळ्याच पोरांच्या वहीत असतो. भटूला स्वतःला काय हवं आहे, ते मला त्यात कुठे सापडलं नाही.

एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९७१ सालचा एक प्रयोग मला फार पटतो. त्याने विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. मुलं ती आवडीने सोडवत होती. मग काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि पुढे ते बंद केले. ज्यांना पैसे मिळाले होते, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळली. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. माणूस टिकून काम करतो ते तीन गोष्टींवर, असं त्यांचं म्हणणं: काम आपण स्वतः निवडलेलं असावं, ते आपल्याला जमत चाललंय असं दिसावं, आणि त्यातून आपल्या माणसांशी नातं जुळावं. तुझ्या यादीला या तिन्ही कसोट्या लाव. हप्ते फेडावेच लागतील, पण त्यासाठी जिद्द कशाला खर्च करतोस? पगार झाला की बँकेतून आपोआप कापून जाऊ देत. डॉक्टरांचं मात्र ऐक, संध्याकाळी चालत जा. त्याला संकल्पाचा मान द्यायची गरज नाही.

माझं सांगतो. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मोडी लिपीतले कागद होते. घरात कोणालाच ते वाचता येत नव्हते आणि मला ते सहन होत नव्हतं. मोडी शिक म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यातून कसली बढतीही मिळणार नव्हती. पण आपलं धुळं म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचं गाव. जुने कागद गोळा करत तो माणूस गावोगाव फिरला आणि १९२६ साली इथेच गेला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे असताना आपल्याच घरचे कागद मुके राहावेत, हे मनाला लागलं. मोडी वाचणं सोपं नाही. आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही. शब्द कुठे तुटतो ते अर्थावरूनच ओळखायचं. पण एका रात्री ‘बैलजोडी’ एवढा शब्द लागला आणि मला झोप आली नाही. तो बैलजोडीच्या व्यवहाराचा कागद होता, खाली पणजोबांचं नाव!

‘होईल तेवढं करू’ असं म्हणून काम होत नाही, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं अभ्यास करून दाखवलं. ध्येय नेमकं हवं, थोडं अवघड हवं आणि आपण कुठवर आलो ते अधूनमधून कळायला हवं. त्यातही लॅथमचं एक म्हणणं मला मोलाचं वाटतं. काम अगदी नवं असेल तर आकड्यांमागे लागू नये, आधी पद्धत शिकण्याचंच ध्येय ठेवावं. म्हणून मी ‘महिन्यात इतके कागद’ असं कधी ठरवलं नाही. या आठवड्यात जोडाक्षरं ओळखता यायला हवीत, एवढंच ठरवायचो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर, यादीच्या बाहेर, तू सहज लिहिलंस की मोठी माय आता थकली, तिच्यासोबत अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी, कानबाईच्या रोटांची गाणी, जात्यावरच्या ओव्या सगळं जाईल आणि आपल्या पोरांना अहिराणी ऐकायलाही मिळणार नाही. भटू, अख्ख्या पत्रात तिथेच तुझं अक्षर घाईचं झालंय. तुला करायचं आहे ते हे आहे. ते तू कामात धरलंसच नाहीस, कारण त्याला कुठे मार्क नाहीत.

अखाजीला अजून दोन-अडीच महिने आहेत. तोवर मोठ्या मायची वीस गाणी मोबाइलवर घ्यायची आणि प्रत्येकाचे शब्द वहीत उतरवायचे, असं ठरव. अखाजीला आत्याबाई आणि बहिणी माहेरी येतील, तेव्हा गाळलेल्या ओळी त्या भरून देतील. यश डोळ्यांसमोर आणून बसायचा जो सल्ला तुमच्याकडे व्याख्यानांत देतात, तो मात्र ऐकू नकोस. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अभ्यासात नुसती गोड स्वप्नं रंगवणारे मागेच पडले. स्वप्नासोबत आडवं काय येणार तेही बघावं, असं त्या सांगतात. तुझ्या आड काय येईल ते मला ठाऊक आहे: गावी आलास की दोस्तमंडळी पारावर बोलावणार, आणि मोठी माय ‘आते नको, मंग म्हनसू’ म्हणणार. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांचा उपाय इथे चालतो, ‘अमुक झालं की तमुक करायचं’ हे आधीच ठरवून ठेवायचं. मोठी माय दुपारी निवडायला सूप घेऊन ओट्यावर बसली की तू शेजारी बसायचं आणि फोन चालू करायचा. तिला गा म्हणू नकोस, एखादी ओळ तूच चुकीची म्हण. ती दुरुस्त केल्याशिवाय राहायची नाही.

शब्द अडले तर मला पाठव, माझी आई अजून बरीच गाणी म्हणते. होळीला येशील तेव्हा वही घेऊनच ये. आईने बिबड्यांसाठी ज्वारी आणून ठेवली आहे, तुझा वाटा निघेल. नानांना आणि माईंना नमस्कार सांग. आणि उत्तरात संकल्प लिहू नकोस, पहिल्या गाण्याच्या चार ओळी लिहून पाठव.

तुझा,
हिलाल