हेस्टनहून आई-बाबांना: तिसऱ्या धावपट्टीविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे. मी स्वतः विमानानेच पार्ल्याला येते, तुमच्या जावयांची नोकरी लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या मालवाहतुकीत आहे, आणि तरीही विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीला विरोध करणाऱ्या निवेदनावर मी सही केली, हे बाबांना विसंगत वाटले. आईने मात्र एवढेच विचारले की, आमचे घर जाणार का.

आधी आईला उत्तर देते. आमचे घर पाडले जाणार नाही. नवी धावपट्टी विमानतळाच्या वायव्येला व्हायची आहे आणि आमचे हेस्टन पूर्वेला आहे. जाणार आहे ते लाँगफर्ड हे गाव, जवळजवळ सगळेच, आणि हार्मन्ड्सवर्थचा मोठा भाग. आधीच्या आराखड्यांत पाडायच्या घरांचा आकडा साडेसातशेच्या आसपास होता. हार्मन्ड्सवर्थमध्ये १४२६ साली बांधलेले एक प्रचंड लाकडी धान्यकोठार अजून उभे आहे. आई, तू इथे आलीस की ते तुला दाखवणार आहे. आराखड्यात ते कोठार वाचते, पण विमानतळाची हद्द त्याच्या अगदी जवळ येते. म्हणजे ज्या गावाचे धान्य तिथे साठवले जायचे ते गाव बरेचसे जाणार आणि कोठार राहणार. घर सोडावे लागणाऱ्यांना बाजारभावाच्या वर २५ टक्के देण्याचे विमानतळाने कबूल केले आहे, आणि ही रक्कम तुटपुंजी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पट्ट्यातल्या लोकांचे नुकसान बुलडोझर येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले. धावपट्टी होणार की नाही हे वीस वर्षांहून अधिक काळ टांगणीला लागल्यामुळे जुनी कुटुंबे हळूहळू निघून गेली, शेजारच्या सिप्सन गावातली बरीच घरे विमानतळानेच विकत घेऊन भाड्याने दिली, आणि आज ना उद्या गाव सोडावे लागेल अशा समजुतीने राहणाऱ्या माणसांचे गाव कसे होते ते तिथे फिरताना जाणवते.

आमचा प्रश्न आवाजाचा आहे. इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे उतरणारी विमाने पूर्वेकडून, लंडन शहरावरून येतात. आज ती आमच्या दक्षिणेकडून जातात. नव्या धावपट्टीचा मार्ग हेस्टनवरूनच जाईल. शिवाय सध्याच्या दोन धावपट्ट्यांवर एक चांगली सोय आहे. दुपारी तीनला उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणून आमच्या हाउन्स्लो भागातल्या लोकांना निदान अर्धा दिवस तरी शांतता मिळते. धावपट्ट्या तीन झाल्या की हा विसावा अर्ध्या दिवसाऐवजी सुमारे एक तृतीयांश दिवसाचा उरेल. पहाटे साडेचारच्या सुमारास पहिली विमाने उतरू लागतात, ती निराळीच.

तरीही, बाबा, केवळ आवाजासाठी मी सही केली नसती. विमानतळाशेजारी घर घ्यायचे आणि विमानाचा आवाज येतो म्हणून कुरकुर करायची, हे मलाही पटत नाही. माझा आक्षेप दिलेल्या शब्दाविषयी आहे. टर्मिनल ५ साठीची सार्वजनिक चौकशी १९९५ ते १९९९ अशी जवळजवळ चार वर्षे चालली. त्या काळात विमानतळाच्या तेव्हाच्या चालकांनी, आम्हाला आणखी धावपट्टी नको आहे आणि आम्ही ती मागणारही नाही, असे रहिवाशांना कळवले होते. २००१ मध्ये सरकारने टर्मिनलला परवानगी देताना वर्षाला ४,८०,००० विमानांची, म्हणजे उतरणारी आणि उडणारी मिळून, मर्यादा घातली. टर्मिनल २००८ च्या मार्चमध्ये सुरू झाले, आणि २००९ च्या जानेवारीत मजूर पक्षाच्या सरकारने तिसऱ्या धावपट्टीला मान्यताही दिली. पुढच्या सरकारने २०१० मध्ये ती रद्द केली, २०१२ मध्ये नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्ये तिची पुन्हा शिफारस केली, २०१८ च्या जूनमध्ये संसदेने ४१५ विरुद्ध ११९ मतांनी धोरण मंजूर केले, २०२० च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने हवामानबदलाविषयीच्या पॅरिस कराराचा विचार झाला नाही म्हणून ते बेकायदा ठरवले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आता २०२५ पासून पुन्हा तेच चालले आहे: साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, तिच्यासाठी लंडनभोवतीचा एम २५ महामार्ग हलवायचा, आणि विमानांची संख्या वर्षाला साडेसात लाखांच्या वर.

या विमानतळाचा जन्मच अशा एका बतावणीतून झाला आहे. १९४४ मध्ये 'हीथ रो' नावाची वस्ती आणि तिच्याभोवतीची उत्तम भाजीपाल्याची जमीन युद्धासाठी हवाई दलाला हवी आहे असे सांगून ताब्यात घेतली; तेव्हाचे हवाई खात्याचे उपमंत्री हॅरॉल्ड बॅलफोर यांनी १९७३ मध्ये लिहून ठेवले की, नागरी विमानतळासाठी ती घ्यायची होती आणि युद्धाचे निमित्त पुढे केल्यामुळे लांबलचक चौकशी टळली. (योगायोग असा की, ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन १९३८ मध्ये म्युनिकहून, हिटलरच्या सहीचा शांततेचा तो कागद घेऊन उतरले ते आमच्या हेस्टनच्याच तेव्हाच्या विमानतळावर. कागदावरच्या वचनांची इथल्या मातीला सवय असावी.)

आमच्या गल्लीतही सगळे विरोधात नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. शेजारच्या पंजाबी काकूंचे दोन्ही मुलगे विमानतळावर कामाला आहेत आणि त्यांना धावपट्टी हवीच आहे. तुमच्या जावयांनी सही केली नाही, मीही आग्रह धरला नाही. मला हीथ्रो बंद व्हायला नको आहे; घातलेली मर्यादा पाळली जावी आणि ती बदलायची असेल तर संसदेत नवा कायदा करावा लागावा, इतकेच हवे आहे.

हे तुम्हाला समजवायला नको खरे तर. पार्ल्यात विमानांच्या मार्गाखालच्या पट्ट्यातल्या, म्हणजे फनेल झोनमधल्या, उंचीच्या मर्यादेमुळे आपल्या इमारतीचा पुनर्विकास इतकी वर्षे अडला आहे. नियम रहिवाशांसाठी असतो तेव्हा तो किती पक्का असतो ते बाबांनी सोसायटीच्या फायली सांभाळताना पाहिले आहे. मुंबईत समांतर धावपट्टीला जागाच नव्हती, म्हणून शेवटी नवी मुंबईचा विमानतळ झाला, आणि तिथेही उलव्याच्या बाजूच्या गावांना आपली घरे सोडावी लागलीच.

सरकार धोरणाचा सुधारित मसुदा हरकतींसाठी खुला करील, तेव्हा द्यायची माझी हरकत मी इंग्रजीत लिहून ठेवली आहे. तीत तीन मागण्या आहेत: वर सांगितलेली संख्येची मर्यादा, रात्री साडेसहा तास नियोजित विमाने पूर्ण बंद, आणि विसाव्याच्या तासांची लेखी हमी. सोबत प्रत जोडली आहे. बाबा, तुम्ही सोसायटीच्या पत्रांत एकही शब्द मोघम राहू देत नाही. याही पत्रात कुठे पळवाट राहिली असेल तर खूण करून पाठवा. हरकतींची मुदत जाहीर झाली की कळवीनच.

आईने गुडघ्याचा व्यायाम चालू ठेवावा.

आपली लेक