बापू, तो मेयोनीजचा डबा ठेव बाजूला

जळगाव,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय बापू,
स. न.

परवा फोनवर म्हणालास, डॉक्टरांनी शेवभाजी बंद केली म्हणून सूनबाई बाहेरून कोबीचं ते पांढरं सॅलड मागवते आणि तू वाटीभर खाऊन निर्धास्त झोपतोस. हसू आलं भो! शेवभाजीवरचा तवंग निदान डोळ्यांना दिसतो, चमच्याने बाजूला सारता येतो. त्या सॅलडातलं तेल पांढरं होऊन बसलेलं असतं. मेयोनीज म्हणजे मुळात तेलच रे. अंड्याचा बलक आणि व्हिनेगर घेऊन त्यात थेंबथेंब तेल सोडत घोटत राहायचं, की ते घट्ट होतं. एका मोठ्या चमच्यात 90 च्या आसपास कॅलरी. वर गोडीला साखर. कोबी बिचारा नावापुरता.

फोनवरच सांगितलं असतं, पण तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं वहिनींना विचारतोस. म्हणून तेच सॅलड मेयोनीजशिवाय घरी कसं करायचं ते लिहितोय. हे पान फ्रिजवर लावून ठेव.

आधी पत्ताकोबी. गड्डा हातात घेऊन बघायचा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. वरची हिरवी पानं सोलून पांढरा केलेला गड्डा घेऊ नकोस, तो बहुतेक जुना असतो. अर्धा किलोचा पुरे. चार फाका करून मधला दांडा काढ, पानं सुटी करून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव, पानांत दडलेली अळी निघते. मग निथळून विळीवर चिरायचा. किसणीवर नको, किसला की लगदा होतो. चीर इतकी बारीक हवी की उचलली तर केसासारखी वाकली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चिरलेल्या कोबीला चहाचा एक चमचा मीठ चोळून वीस-पंचवीस मिनिटं परातीत तसाच ठेव. मीठ आतलं पाणी ओढून घेतं. नंतर मुठीत घेऊन घट्ट पिळ. ही पायरी गाळलीस तर तेच पाणी नंतर सुटतं आणि घट्ट ड्रेसिंगचं ताक होतं. हॉटेलच्या वाटीच्या तळाशी साचतं ना, ते हेच. पिळलेला कोबी मऊ दिसतो, पण चावताना कुरकुरतो. निघालेलं पाणी फेकू नकोस, भाकरीच्या पिठात जिरतं. आणि ड्रेसिंगमध्ये पुन्हा मीठ घालायचं नाही, हे अधोरेखित करून ठेव.

मलईदारपणासाठी चक्का. अर्धा लिटर दुधाचं दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगलं की भागतं. म्हशीच्या दुधाचं असलं तरी मेयोनीजच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याच्याच कॅलरी, गायीचं असेल तर आणखी कमी. इथं सध्या थंडी कडाक्याची, दही लागायलाच वेळ लागतो, तर विरजण आदल्या रात्रीच डाळीच्या डब्यात ठेवायला सांग. चक्क्यात मूठभर भाजलेले, सोललेले शेंगदाणे वाटून घालायचे. कूट नव्हे, मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत फिरवलेले. जी गुळगुळीत जाडी लोक बाटलीत शोधतात, ती आपल्या भुईमुगात आहे.

मोहरी मात्र नीट वाच. आई लोणच्याला मोहरी फेसायची, आठवतंय? नाकात जाईपर्यंत. तसंच करायचं. एक चमचा मोहरी कुटून साध्या गार पाण्यात कालव आणि दहा मिनिटं झाकून ठेव. झणका कुटल्यावर पाणी लागलं की तयार होतो. लिंबू किंवा दही आधीच घातलंस तर तो चढायच्या आतच थांबतो. चढू दे, मग लिंबू पिळ, म्हणजे आहे तो टिकतो. यात लसणाची एक पाकळी, मिरपूड, चिमूटभर गूळ. काळा मसाला घालायची खुमखुमी येईल, आपल्या रक्तातच आहे ती. आवर.

चक्का, शेंगदाणे, मोहरी एकत्र फेट, कोबीवर घाल, वर गाजराच्या बारीक काड्या आणि कांद्याची पात. जांभळा कोबी मिळाला तर थोडा मिसळ. लिंबाने त्याचा रंग गुलाबी चढतो, नातवंडं न सांगता खातात.

आमच्याकडे गेल्या आठवड्यात मळ्यात भरीत पार्टी होती. तुराट्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या, आणि मी मुद्दाम पातेलंभर हे नेलं. तात्यांनी आधी नाक मुरडलं, "गुरांचं वैरण आणलं का रे?" मग भरताचा तिखट घास घशात अडकला तसा त्यांनी गपचूप दुसऱ्यांदा हात पुढे केला. भरताबरोबर ते खरंच बसतं: एक गरम, मऊ, तिखटजाळ, दुसरं गार आणि कुरकुरीत. तू नुसतं वाटीत घेऊन खाऊ नकोस, ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, पोट भरेल आणि रात्री फरसाणाचा डबा शोधणार नाहीस.

मार्चच्या आत ये. नंतर इथलं ऊनच तुला परत पाठवेल. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. – रक्त पातळ करायची वॉरफरीनची गोळी तुला चालू आहे का? असेल तर रोज वाटीभर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार. कोबीत के जीवनसत्त्व असतं, त्याचा त्या गोळीच्या असरावर परिणाम होतो. आणि ड्रेसिंग कोबीत जेवायच्या वेळीच मिसळ. दोन्ही वेगवेगळं झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं राहतं.