‘बॉयकॉट’ शिकवताना आयर्लंडही सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी नव्याने शिकणारी मुले ‘बॉयकॉट’ या शब्दाची ‘बॉय’ आणि ‘कॉट’ अशी फोड करून अर्थ लावू पाहतात, आणि शिक्षक ‘बहिष्कार’ एवढे सांगून पुढच्या शब्दाकडे वळतात. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. (क्रिकेटच्या जुन्या रसिकांना ते जेफ्री बॉयकॉट यांच्यामुळे ओळखीचे असेल.)

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हे आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचे कारभारी होते. पीक बुडाल्यामुळे कुळांनी खंडात मागितलेली सूट पुरेशी मिळाली नाही आणि १८८० मध्ये जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा भूमी लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या पाठबळावर सगळ्या परिसराने बॉयकॉट यांच्याशी संबंधच तोडले. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपालही पोहोचेना. उभे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून सुमारे ५० स्वयंसेवक आणावे लागले, त्यांच्या रक्षणासाठी सैनिक व पोलीस मिळून हजारभर माणसे तैनात झाली आणि खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबरमध्ये बॉयकॉट यांनी आयर्लंड सोडले. तोवर त्यांचे आडनाव वृत्तपत्रांत क्रियापद म्हणून रुळूही लागले होते.

ही हकीकत मराठी मुलांना सांगणे मला विशेष गरजेचे वाटते. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील बहिष्कार बलाढ्य सत्तेविरुद्ध होता, म्हणून तो आयर्लंडच्या कुळांना जवळचा. परंतु जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते, त्यालाही आपण बहिष्कारच म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे ‘बहिष्कृत भारत’ हे नाव आणि राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा या दुसऱ्या, दुर्बळांवर लादलेल्या बहिष्काराकडे बोट दाखवतात. ‘बॉयकॉट’चा अर्थ एका शब्दात उरकला, तर कोणी कोणावर बहिष्कार घातला हा प्रश्न मुलांच्या मनात उमटतच नाही.

पाठ्यपुस्तकातील शब्दार्थांच्या यादीत या शब्दासमोर मेयोच्या कुळांविषयी दोन-तीन ओळी द्याव्यात आणि तोपर्यंत शिक्षकांनी त्या फळ्यावर लिहून द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक