आढीतला हापूस ‘केमिकलमुक्त’ कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंब्याच्या हंगामाविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या एका वृत्तात पेंढ्यात पिकवलेल्या हापूसला ‘केमिकलमुक्त’ म्हटले आहे. बागायतदारांची बाजू मांडण्याचा वार्ताहराचा हेतू चांगला आहे आणि फळे झटपट पिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बाइडविषयीचा त्याचा राग मलाही पूर्ण मान्य आहे. परंतु या शब्दामुळे आढीत प्रत्यक्ष जे घडते तेच झाकले जाते आणि याच किनाऱ्यावर वर्षानुवर्षे विज्ञान शिकवलेल्या माझ्यासारख्याला ते बोचते.

झाडावरून उतरवलेल्या तयार, पण कच्च्या फळाच्या गरात पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठलेले असते. ग्लुकोजचे शेकडो, कित्येकदा हजारो रेणू एकमेकांना जोडून झालेला हा महारेणू आहे. ग्लुकोजचे रेणुवजन १८०. पण प्रत्येक जोड होताना पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, बाहेर पडत असल्यामुळे साखळीतील कडी १६२ चीच उरते. आढीत ऊब असते आणि फळांनी स्वतःच सोडलेला इथिलीन वायू कोंडून राहतो. त्याच्या इशाऱ्याने फळातील विकरे, म्हणजे एन्झाइम, नेमके उलटे काम सुरू करतात, म्हणजे जोडाजोडांत पाण्याचा रेणू घालून साखळी तोडत जातात. अखंड पिष्ट जिभेला गोड लागत नाही, सुटी झालेली शर्करा लागते. पिकल्या हापूसची बहुतेक गोडी अशा रीतीने कच्च्या फळात आधीच साठवलेली असते.

वर्गात मी कच्च्या आणि पिकल्या आंब्याच्या फोडींवर औषधाच्या दुकानातील टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकून दाखवीत असे. कच्ची फोड काळीनिळी होई आणि पिकलेल्या फोडीवर थेंब तपकिरीच राही. पिष्टातील बिनफांद्यांची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत शिरल्यावर निळा रंग येतो. साखळी तुटली की त्याला शिरायला जागाच उरत नाही.

मुलांना याहून अधिक नवल वाटे ते पेंढ्याचे. आंब्याभोवतीच्या त्या पेंढ्याला ताठपणा देणारे सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते. फरक केवळ जोडाच्या ठेवणीचा आहे: पिष्टात सगळ्या कड्या एकाच बाजूला तोंड करून असतात, तर सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढची कडी उलटी बसते. त्यामुळे त्या साखळ्या सरळ राहतात, शेजारी शेजारी घट्ट बिलगतात आणि पाण्याला आत वाट देत नाहीत. आपल्या आतड्यात हा जोड तोडणारे विकर नाही. गाईच्या पोटातील सूक्ष्मजीवांकडे ते आहे. एकाच भाताचा दाणा आपण खातो आणि पेंढा गुरांपुढे टाकतो, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. कोळंबीच्या सालीतील कायटिनची साखळीही सेल्युलोजसारखीच जोडलेली असते, फक्त तिच्या प्रत्येक कडीवर नायट्रोजनयुक्त गट असतो.

प्रथिनांतही जोडताना पाणी बाहेर पडते, पण तिथे कड्या वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या असतात आणि त्यांचा क्रम सर्वस्वी महत्त्वाचा असतो. तो क्रम डीएनएच्या साखळीत लिहिलेला असतो. माशाच्या कातडीत आणि खवल्यांत असलेल्या कोलॅजेन या प्रथिनामध्ये तीन साखळ्या सुंभाच्या पेडांसारख्या एकमेकींत वळलेल्या असतात, ही कल्पना १९५४ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या शास्त्रज्ञांनी मांडली, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवे. खोबरेलाचे रेणू मात्र लहान असतात. ते या साखळ्यांच्या कुळातले नव्हेत.

म्हणून विनंती अशी की, अशा वृत्तांत ‘केमिकलमुक्त’ऐवजी ‘कार्बाइड न वापरलेला’ असे स्पष्ट छापावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, कारण बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. याउलट इथिलीन वायूने दहा लाख भागांत १०० भागांच्या मर्यादेपर्यंत फळे पिकवण्यास परवानगी आहे आणि तोच वायू आढीतला हापूसही सोडत असतो. दोन्हींना ‘केमिकल’ म्हटले, तर पेटी घेताना विक्रेत्याला नेमके काय विचारायचे हे गिऱ्हाइकाला कळणार नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, देवगड तालुका