तलवार शेवटी घ्यावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील जुन्या शस्त्रविद्याग्रंथांच्या आधारे दोन हातांची लांब तलवार, रेपियर (मुख्यतः खुपसायची सडपातळ तलवार), सेबर (एका हाताची, वार करायची, बहुधा बाकदार तलवार) किंवा तलवार आणि लहान ढाल यांचा सराव करणारे गट आज अनेक देशांत आहेत. अशा गटात नव्याने येणाऱ्याची पहिली खरेदी बहुधा तलवारीचीच असते. त्याची उत्सुकता समजण्यासारखी आहे, पण खरेदीचा हा क्रम उलटा असून त्यातून दुखापती होतात, हे या विद्येची एक प्रशिक्षिका म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सरावाची तलवार सुरुवातीला गटाकडून उसनी घेता येते. दुसऱ्याच्या मापाचा मुखवटा आणि दुसऱ्याच्या बोटांचे हातमोजे मात्र वेळेला दगा देतात.

पहिला पैसा मुखवट्यावर खर्च करावा. आधुनिक तलवारबाजीच्या मुखवट्यांना आज जे कठोर निकष लागू आहेत, त्यांच्यामागे एक मृत्यू आहे. 1982 मध्ये रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या फॉइलचे, म्हणजे खुपसण्याच्या हलक्या स्पर्धा-तलवारीचे, पाते मोडले, मोडके टोक जाळी भेदून आत शिरले आणि 1980 च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेता व्लादिमिर स्मिर्नोव याचा काही दिवसांनी अंत झाला. त्यानंतर जाळी, कापड आणि पात्याचे पोलाद या तिन्हींच्या कसोट्या कडक झाल्या. कापड भेदले जाण्यास किती विरोध करते हे न्यूटनमध्ये मोजतात. त्यानुसार पोशाखासाठी 350 आणि 800 अशा दोन पातळ्या प्रचलित आहेत, तर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेच्या मुखवट्याची गळ्यावरची झालर 1600 न्यूटनची असते.

परंतु हे निकष हलक्या शस्त्रांसाठी ठरवलेले आहेत, याचा विसर पडतो. ऑलिंपिक फॉइलचे वजन 500 ग्रॅमच्या आत आणि एपे या खुपसण्याच्याच, पण थोड्या जड तलवारीचे 770 ग्रॅमच्या आत असावे लागते. दोन हातांनी धरायची सरावाची पोलादी तलवार साधारणपणे 1.3 ते 1.6 किलोची असते आणि तिचा वार खांद्यावरून पूर्ण फिरून येतो. जाळीचा मुखवटा अशा वारात चेहरा वाचवतो, मात्र डोक्याची मागची बाजू उघडीच राहते आणि कवटीला बसणारा हादरा तो फारसा शोषत नाही. म्हणून त्यावर मागून व वरून झाकणारे जाड, टणक आच्छादन चढवणे अत्यावश्यक आहे. एवढे करूनही मेंदूला धक्का बसण्याचा धोका संपत नाही. डोक्यावर जोराचा वार बसल्यावर ज्याला गरगरते, मळमळते किंवा क्षणभर काही सुचत नाही, त्याचा सराव त्या दिवसापुरता तिथेच थांबवून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. यात प्रशिक्षकाने कोणाचीही भीड ठेवू नये. मुखवटा घेताना तो घालून मान जोरात हलवावी. तो जागचा सरकत असेल तर कितीही महागडा असला तरी आपल्या कामाचा नाही. जाळीला खोल पोचा पडला, गंज चढला किंवा ती अंगठ्याच्या दाबाने आत जाऊ लागली, की तो कायमचा बाद करावा.

मुखवट्याइतकाच विचार हातांचा करावा लागतो. लांब तलवारीची परज, म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधला हात राखणारा भाग, ही केवळ एक आडवी दांडी असते. मुठीवरची दहाही बोटे समोरच्याच्या सर्वांत जवळ आणि जवळजवळ उघडी असतात. रेपियरची वाटी किंवा सेबरची कमान हाताचा बराच भाग झाकते, त्यामुळे तिथे तुलनेने हलके हातमोजे चालू शकतात. लांब तलवारीसाठी बर्फावरच्या हॉकीचे किंवा लाक्रोस या खेळाचे हातमोजे वापरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो मला मुळीच मान्य नाही. त्यांचे अस्तर बोटांच्या पाठीवर जाड असले, तरी बोटांची टोके आणि अंगठ्याची कड तिथे पुरेशी झाकलेली नसते; पोलादाची अरुंद धार बोथट असली तरी नेमकी त्याच फटीत बसते आणि हाड मोडते. चारही बोटांवर एकत्र बसणाऱ्या टणक कवचाचे मोजे अधिक सुरक्षित असतात. त्यांची किंमत पकडीत मोजावी लागते, कारण अंगठा पात्यावर सरकवण्याचे किंवा मूठ हातात फिरवण्याचे काही डाव त्यांत अवघड होतात. म्हणून मोजे विकत घेण्यापूर्वी ज्या तलवारीने सराव करणार तीच मूठ हातात धरून पाहावी; दोन जाड मोज्यांना पुरेल इतकी लांबी पुष्कळदा मुठीत नसते.

जॅकेटच्या बाबतीत एक घोटाळा सर्रास होतो. वाराचा मार शोषणे आणि मोडलेले पाते आत शिरू न देणे हे दोन निरनिराळे गुण आहेत. जाड रजईसारखे सुती जॅकेट पहिला गुण देते, दुसऱ्याची हमी देत नाही. पातळ 800 न्यूटनचे जॅकेट याच्या नेमके उलट. पोलादी तलवारीसमोर दोन्ही लागतात. गळ्यासाठी टणक पट्टी वेगळी घ्यावी, कारण खालून वर येणाऱ्या खुपशीने मुखवट्याची झालर उचलली जाते. कोपर, गुडघे, नडगी, जांघ आणि छाती यांची कवचे कोणत्याही जाणकाराला विचारून घेता येतील, त्यांत फारसे गूढ नाही.

आता शस्त्राकडे येते. लाकडी तलवार एकट्याच्या सरावाला आणि जोडीने सावकाश करायच्या आवर्तनांना उत्तम, पण ती वाकत नाही. तिची खुपस सगळा जोर घेऊन अंगात उतरते, म्हणून मोकळ्या लढतीत तिला स्थान नसावे. नायलॉनची तलवार स्वस्त व टिकाऊ असते, मात्र दोन पाती एकमेकांना भिडली असता पोलादाचा जो दाब हाताला कळतो तो तीत कळत नाही, आणि बोटे तीही मोडते. मोकळ्या लढतीसाठी पोलादी सराव-तलवारीचा फेडर हा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. सोळाव्या शतकातील जर्मन चित्रांतही अशीच सराव-तलवार दिसते: परजेजवळ पाते रुंद, पुढे अरुंद. त्यामुळे वजन हाताजवळ राहते आणि खुपसताना पुढचा भाग कमानीसारखा वाकतो. घेताना वजनापेक्षा तोल आणि लवचीकपणा पाहावा, आणि टोक गुंडाळलेले किंवा चपटे, रुंद केलेले आहे याची खात्री करून घ्यावी. भिंतीवर लावायच्या शोभेच्या तलवारीने तर कधीच सराव करू नये. तिचे पाते मुठीतून निसटून समोरच्यावर जाऊ शकते.

चांगल्या पात्यालाही देखभाल लागते. प्रत्येक लढतीनंतर धारेवर उठलेल्या कडा कानसीने घासून काढाव्यात, कारण त्या कडा मोजे आणि जॅकेट फाडतात. पात्यात तडा किंवा एकाच जागी तीव्र बाक दिसला, तर ते वापरातून काढून टाकावे.

गट चालवणाऱ्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की कोणत्या शस्त्रासाठी किमान कोणते संरक्षण हवे याची लेखी यादी प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाच्या हाती द्यावी. लढतीपूर्वी पंचांनी मुखवटा, गळपट्टी, मोजे आणि तलवारीचे टोक हाताने तपासावे आणि अपुऱ्या तयारीने आलेल्यास, तो कितीही निष्णात असो, परत पाठवावे. त्याच यादीत वाराच्या जोराची मर्यादाही नमूद असावी, कारण अंगावर भक्कम कवच चढले की माणूस अधिक जोराने मारू लागतो आणि समोरच्याचे कवच तेवढे भक्कम असतेच असे नाही.

आपली विश्वासू,
ऐतिहासिक तलवारबाजीची एक प्रशिक्षिका