नवीन मेंबरने फॉलो कोणाला करायचं

प्रिय सच्या,

ग्रामपंचायतीत निवडून आलास आणि लगेच विचारलंस की आता सोशल मीडियावर कोणाला फॉलो करू, हे मला फार आवडलं बघ. फोनवर घाईघाईत नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय. तुझ्या फीडमध्ये सध्या नेत्यांचे वाढदिवस, गाड्यांचे ताफे आणि दणदणीत गाणी लावलेली रील्स, त्यातून ग्रामसभेत बोलायला एक वाक्यसुद्धा मिळणार नाही. ज्यांचं काम दिसतं किंवा कागद दिसतो त्यांनाच धर.

पहिलं म्हणजे यूट्यूबवर भास्करराव पेरे पाटलांची भाषणं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याचे माजी सरपंच. लोक हसायला मिळतं म्हणून बघतात, तू वही घेऊन बस. जो कर भरेल त्याला दळण फुकट, म्हणजे वसुलीला दारोदार फिरण्यापेक्षा लोकांनाच भरावंसं वाटेल असं काहीतरी केलं त्यांनी. आणि हिवरे बाजारचं सरपंचपद सांभाळलेल्या पोपटराव पवारांच्या मुलाखती ऐक. २०२० ला पद्मश्री जाहीर झाली वगैरे आहेच, पण मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं पाण्याचं बजेट. पाऊस किती पडला ते मोजायचं, माणसांना आणि जनावरांना प्यायला लागणारं पाणी आधी बाजूला काढायचं आणि मग उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते गावाने मिळून ठरवायचं, वर शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. हे गावाला पटवायचं म्हणजे काय ताकद लागत असेल विचार कर!

पाणी फाउंडेशनचं चॅनल तर सबस्क्राईब करच. २०१६ ला वरूड, अंबाजोगाई, कोरेगाव या तीन तालुक्यांत वॉटर कप, म्हणजे गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा, सुरू झाला तेव्हापासूनचे व्हिडिओ आहेत, सगळं मराठीत, पाणलोटाचं काम कसं करायचं ते समजावून सांगितलंय.

कायदे-बजेटसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च, संसद-विधानसभांच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था. इंग्रजीत आहे पण घाबरू नको, विधेयकाचा सारांश थोडक्यात असतो आणि महाराष्ट्राच्या बजेटचंही विश्लेषण टाकतात, कुठल्या पक्षाची बाजू न घेता. फुकट लॅपटॉप, फुकट रिचार्जचे मेसेज ग्रुपवर आले की पुढे ढकलायच्या आधी पीआयबी फॅक्ट चेक हे केंद्र सरकारचं खोट्या बातम्या तपासणारं अकाउंट बघ, केंद्राच्या योजनांचं तिथे कळतं. तू फॉरवर्ड केलंस की आता लोक खरंच मानणार. हवामान खात्याचं मुंबई केंद्राचं अकाउंटही ठेव, विदर्भ सोडून आपल्या सगळ्या भागांचे अलर्ट तिथेच.

पण हे सगळं बघून झालं की ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडायचं, तिथे आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च गावाच्या नावाने दिसतो. केंद्राकडून येणाऱ्या १५व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. आता पोर्टलवर गटाराचं काम झालेलं दिसतंय का बघ, मग त्या गल्लीत जाऊन ये, फोटो काढ, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) शांतपणे विचार. भांडू नको, नुसतं विचार.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी एवढं कर. आणि विषयपत्रिका हातात आली की तिचा फोटो मला पाठव, रात्री फोनवर बसून एकेक विषय काढू.

तुझाच,
मन्या