डोळ्यात गॅस असताना घाट चढू नका

संपादक महोदय, स. न.

डिसेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. दोन दिवस डोळ्यापुढे चिलटं उडाल्यासारखे ठिपके दिसत होते, कडेला वीज चमकत होती. मग नाकाच्या बाजूने काळी सावली सरकत आली. पुण्यात लगेच ऑपरेशन झालं आणि पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. सात दिवस लेकीच्या घरी पालथा पडून काढले, जेवतानासुद्धा मान खालीच. त्याचं काही नाही. डॉक्टरांनी डोळा वाचवला.

माझं म्हणणं आहे ते घरी सोडताना दिलेल्या कागदाबद्दल. तो इंग्रजीत होता. लेकीने वाचून सांगितलं, विमानप्रवास करायचा नाही. मी कधी विमानात बसलेलो नाही, त्यामुळे ते आम्ही सोडून दिलं. इकडे स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू झाली होती, म्हणून बाराव्या दिवशी जीपने भिलारला निघालो. वाई सोडून पसरणी घाट चढू लागलो तसा डोळा ठणकायला लागला. हॅरिसन फॉलीच्या अलीकडे उलटी झाली आणि त्या डोळ्यासमोर पार अंधार. पुतण्याने हॉस्पिटलला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता खाली उतरा," एवढंच डॉक्टर म्हणाले. वाईत पोचेपर्यंत ठणका निम्म्यावर आला होता.

नंतर त्यांनी समजावलं. वर जाताना हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. घाटमाथ्यावरची पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे, पुणे ५६० वर. पुढचा दीड महिना मी वाईला मेहुण्यांकडे राहिलो. पाणसळीतल्या रेघेसारखी बुडबुड्याची कड नजरेत रोज जराशी खाली जायची. ती पुरती दिसेनाशी झाली आणि डॉक्टरांनी तपासून 'आता जा' म्हटलं, तेव्हाच घर पाहिलं. तोवर निम्मा हंगाम गेला होता.

महाबळेश्वर, माथेरान, तोरणमाळ, चिखलदरा इथली माणसं डोळ्यांच्या ऑपरेशनला खालीच उतरतात. त्यांना सोडताना कागद मराठीत द्यावा, 'घर कुठं, वाटेत घाट आहे का' हे विचारावं. मनगटाला 'डोळ्यात गॅस आहे' असं लिहिलेला पट्टाही बांधावा, कारण गॅस असेपर्यंत दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची झाली तरी नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही, असं मला नंतर कळलं.

– एक स्ट्रॉबेरी उत्पादक, भिलार (ता. महाबळेश्वर)